शनिवारची सहल : मॅनिटोवॉक

सर्व सभासदांना स्मरण : येत्या शनिवारी आपण विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक काउंटीत जातो आहोत. सकाळी साडेसातला निघायचं म्हणजे साडेसातलाच. मागच्या वेळी कोणाच्या चहामुळे उशीर झाला, ते इथे लिहीत नाही.

पहिला मुक्काम सागरी संग्रहालय. दुसऱ्या महायुद्धात या नदीकाठच्या गावाने 28 पाणबुड्या बांधल्या. नदी अरुंद, म्हणून त्या आडव्या कलंडवून पाण्यात सोडत. मिशिगन सरोवरात चाचण्या झाल्या की शिकागोमार्गे, पुढे तरत्या गोदीवर चढवून मिसिसिपी नदीतून थेट समुद्राकडे! संग्रहालयातली 'कोबिया' मात्र इथली नव्हे, कनेक्टिकटमध्ये बांधलेली. पण जात तीच. आत दारं गोल आणि बुटकी आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी काठावरच थांबावं, सरोवर तिथूनही छान दिसतं.

नंतर नॉर्थ एट्थ स्ट्रीट. सप्टेंबर 1962 मध्ये रशियाच्या स्पुटनिक-4 चा सुमारे 20 पौंडांचा तुकडा या रस्त्यात येऊन पडला. त्या जागी पितळी कडं बसवलंय. पाहायला दोन मिनिटं पुरतात, फोटोंना अर्धा तास लागणार हे गृहीत धरलंय.

दुपारचं जेवण टू रिव्हर्सजवळच्या पॉइंट बीचवर, रॉली पॉइंट दीपगृहाच्या आसपास. दशम्या-चटणी मंडळाची, ताक ज्याचं त्याने आणावं. राज्य वनात गाडीला प्रवेशपास लागतो, तो चालकांनी आधीच काढावा. सरोवरावरचा वारा उन्हाळ्यातही बोचतो, स्वेटर घ्या.

नावं गुरुवार रात्रीपर्यंत सचिवांना कळवा.