शॉकअपचा चिमटा मापून देणाऱ्या काकांना

पुणे

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

सायकलला मोटर बसवणाऱ्या आम्हा मंडळींचं हे पत्र आहे. तुमच्या दुकानात शॉकअपचे चिमटे, म्हणजे पुढचं चाक धरणारे स्प्रिंगचे फोर्क, फळीवर टांगलेले असतात, तरी "शॉकअप द्या" म्हणत आलेल्या माणसाला तुम्ही आधी जुना चिमटा उतरवायला लावता. जाडी मापायचा व्हर्निअर त्याच्या हातात देता, चार मापं कागदावर लिहून घेता आणि मग फळीकडे वळता. या चार मापांनी कितीतरी जणांचे पैसे वाचले, कितीतरी जण पडायचे वाचले. आभार मानायचे तर या मापांसकट मानावेत, म्हणजे ज्यांना तुमच्या दुकानापर्यंत येता येत नाही त्यांच्याही उपयोगी पडतील.

पहिलं माप हँडलखालच्या नळीचं. काळ्या सायकलींची आणि बऱ्याच साध्या सायकलींची नळी एक इंची, म्हणजे बाहेरून २५.४ मिमी. वर आटे पाडलेले, बहुतेक इंचाला २४. गिअरच्या सायकलींची नळी बहुतेक एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिमी, बिनआट्याची. ही जाडी चुकली की पुढे काहीच जमत नाही, कारण ही नळी ज्यातून जाते तो फ्रेमचा हेड पाईपच तेवढा नसतो. वर बारीक आणि खाली दीड इंची, अशा निमुळत्या नळीचा चिमटा स्वस्तात मिळाला तरी सरळ हेड पाईपात तो जात नाही. आट्यांची नळी लांब निघाली तर लोक म्हणतात, "काका, वरून कापा आणि आटे खाली वाढवून द्या." तुम्ही नकार देता, आणि तो नकार किती मोलाचा आहे हे नीट सांगायला हवं. आटे वाढवले की नळीची भिंत तिथे पातळ होते. हँडलच्या दांड्याची पाचर नेमकी त्याच जागी आतून दाबते, आणि नळी आट्यांच्या शेवटच्या ओळीवर चिरते. चीर हेड पाईपच्या आत असल्यामुळे तुटेपर्यंत दिसत नाही. म्हणून आट्यांची नळी घ्यायची तर मुळातच बरोबर लांबीची घ्यायची.

त्याच नळीच्या तळाशी खालच्या रेसची, म्हणजे बेअरिंगच्या कड्याची, बैठक असते. २८.६ च्या नळीला ती ३० मिमी. एक इंची नळीला कुठे २६.४, कुठे २७. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वरचा, पण २७ ची रेस २६.४ वर सैल बसून खटखट करते आणि २६.४ ची रेस २७ वर ठोकली तर तडकते. तुम्ही बैठक कापून नेमकी उतरवून देता. बाजारात यावर उपाय म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळतात आणि महिन्याभरात हँडल पुन्हा खेळायला लागतं.

दुसरं माप उंचीचं, आणि स्वस्त शॉकअप घेणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. चाकाच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून रेसच्या बैठकीपर्यंत सरळ रेषेत मापायचं. २६ इंची चाकाच्या साध्या चिमट्याला ही उंची ४० सेंमीच्या आसपास भरते. ८० मिमी दबणाऱ्या शॉकअपला ती ४५ च्या आसपास जाते. माणूस बसल्यावर शॉकअप दीड-दोन सेंमी खाली बसतो, तरी पुढचा भाग तीन सेंमी उंच राहतो. दर दोन सेंमीला हेड पाईप साधारण एक अंश मागे कलतो, म्हणजे इथे दीड अंश. परिणाम लगेच जाणवतो. हळू चालवताना हँडल आपोआप एका बाजूला पडायला बघतं, कात्रजच्या चढावर पुढचं चाक हलकं होतं, आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का हेड पाईपच्या सांध्यावर जास्त लांबीच्या तरफेने येतो. "जास्त दबणारा तो भारी" असं समजून १०० मिमीचा चिमटा मागणाऱ्याला तुम्ही ५० ते ६० मिमीचा देता, फार तर ८० चा, ते याचसाठी. फ्रेम मुळातच शॉकअपसाठी बनलेली असेल तर हिशेब सोपा आहे: जुना जेवढा उंच तेवढाच नवा.

तिसरं माप वरच्या चकचकीत नळ्यांच्या जाडीचं. २५.४, २८, ३०, ३२, अशा जाड्या मिळतात. भिंत तेवढीच राहिली तर वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २५.४ पेक्षा ३० ची नळी दीडपटीहून जास्त ताठ. मोटर-बॅटरी धरून सायकल २२ ते २५ किलोंवर जाते, तिच्यावर माणूस आणि पिशवी. एवढ्या वजनाला पुढचा ब्रेक दाबला की बारीक नळ्या मागे वाकतात, नळीला सरकताना आधार देणारं आतलं प्लास्टिकचं बुश एका कडेवर घासतं, आणि नेमक्या ब्रेकच्या वेळीच शॉकअप अडकून बसतो. म्हणून मोटरच्या सायकलला २८ च्या खाली नाही, हा तुमचा नियम. सनटूर या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत एक्ससीटी २८ ची आणि एक्ससीएम ३० ची मिळते. स्टिकरवरचं नाव काही असो, व्हर्निअर लावला की खरं कळतं. अमुक हजारांत लॉकआउटचं, म्हणजे शॉकअपचं दबणं थांबवणारं, बटण मिळतंय म्हणून बारीक नळ्यांचा चिमटा घेऊ नये, असं तुम्ही सांगता. ते आम्हाला पूर्ण पटतं. शहरात लॉकआउट लागतच नाही, आणि शॉकअप लॉक ठेवून मोठ्या खड्ड्यात गेलं तर आतला लॉकचा भागच जाऊ शकतो.

चौथं माप चाकाचं. बाजारात २६ इंची म्हणून दोन वेगळ्या रिम येतात: जाड टायरची ५५९ मिमीची आणि २६ बाय १ ३/८ ची ५९० ची. चाक बसलं तरी टायर आणि चिमट्याच्या कमानीमधली जागा बघायची. स्प्रिंग काढून चिमटा पूर्ण दाबायचा आणि टायर वर कुठे टेकतो का ते पाहायचं. बोटभर जागा हवी. टायर टेकला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ही चाचणी दुकानात करून घेणारं दुसरं कोणी आमच्या माहितीत नाही. बॅटरी खालच्या दांड्यावर असेल तर हँडल दोन्हीकडे वळवून चिमट्याच्या टोप्या बॅटरीच्या पेटीला लागत नाहीत ना, हेही तिथेच बघायचं.

काका, तुमचे सगळ्यात मोठे उपकार मोटरच्या जागेबद्दल आहेत. शॉकअपच्या चिमट्यात पुढच्या चाकाची हब मोटर (चाकाच्या मध्यातच असणारी मोटर) बसवायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही परत पाठवता आणि मागची मोटर घ्यायला सांगता. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, असं म्हणून. त्यामागचा हिशेब सगळ्यांनी वाचावा असा आहे. २५० वॉटची गिअरची हब मोटर जागेवरून उठताना ३० ते ४० न्यूटन-मीटरचा पीळ देते. ३० धरला, तरी अ‍ॅक्सलच्या चपट्या बाजूंपाशी, सेंटिमीटरभर अंतरावर, तो सुमारे ३०० किलोंचा जोर होतो. प्रत्येक वेळी थ्रॉटल फिरवला की तेवढा जोर अ‍ॅक्सल बसतो त्या चिमट्याच्या खाचेच्या ओठांना फाकवतो. साधा पोलादी चिमटा थोडा फाकून सांगतो तरी. शॉकअपचा खालचा भाग बहुधा मॅग्नेशियमचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव असतो, तो न सांगता तडकतो. मग अ‍ॅक्सल गरगर फिरतो, मोटरच्या वायरी पिळून तुटतात आणि चाक खाचेतून निसटतं. त्यातून खाच साधारण ९ मिमीची आणि मोटरच्या अ‍ॅक्सलची चपटी बाजू १० ची, म्हणून लोक कानस चालवतात. ओतीव खाच कानसली की उरलीसुरली ताकदही गेली.

ज्यांची पुढची मोटर आधीच घेऊन झालेली असते, त्यांना तुम्ही पोलादी चिमटा ठेवायला लावता आणि ६ मिमी पट्टीचा टॉर्क आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलला फिरू न देणारा हात, करून देता. एका टोकाला अ‍ॅक्सलच्या चपट्या बाजूंवर कागद जाणार नाही इतकं घट्ट बसणारं भोक, दुसरं टोक १० सेंमी वर चिमट्याच्या पायाला क्लॅम्पने. त्या अंतरावर ३०० किलोंचे ३० होतात. पट्टीत नुसता केसाएवढा खेळ राहिला तरी अ‍ॅक्सल रोज पुढेमागे ठोकून तो वाढवतो, म्हणून भोक ड्रिलने मोठं करायचं नाही, कानशीने घासून बसवायचं. वायसरचंही तुम्हीच दाखवून दिलंत: खाचेभोवती उंचवटा असेल तर वायसर त्याच्या आत सपाट बसला पाहिजे. कडेवर चढला तर नट कितीही आवळा, ढिला होणारच. मागची मोटर असली तरी टॉर्क आर्म लागतोच.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात लिहितो. वरची टोपी फिरवून शॉकअप कडक होतो हा गैरसमज आहे. टोपीने स्प्रिंग आधीपासून थोडी दाबलेली राहते, तिचा कडकपणा बदलत नाही. वरच्या नळीला केबल टाय बांधायचा, सगळं सामान घेऊन हळूच बसायचं, उतरून टाय किती सरकला ते मापायचं. ८० मिमीच्या शॉकअपला १६ ते २० मिमी बरोबर. टोपी पूर्ण फिरवूनही ३० च्या वर जात असेल तर स्प्रिंगच बदलायला हवी. बॅटरी मागच्या कॅरिअरवर असेल तर पुढे वजन कमी येतं, तेव्हा हेच माप कमी भरतं.

जुन्या बाजारातून चिमटा घेणाऱ्यांना तुम्ही नखाची परीक्षा शिकवता: वरच्या नळीवर सील (तिच्याभोवतीचं रबर) जिथे घासतं तिथे नख फिरवा, अडकलं तर गंज आत गेलाय, घेऊ नका. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. एक बोट खालच्या रेसपाशी, एक सीलपाशी. रेसपाशी खटका लागला तर दुरुस्ती सोपी आहे. सीलपाशी लागला तर बुश संपलंय. जुन्या मोपेडचे चिमटे आणणाऱ्यांना तर तुम्ही ताबडतोब थांबवता. नळी, हब, ब्रेक, काहीच जुळत नाही, आणि वजन भलतंच वाढतं.

बसवताना क्रम महत्त्वाचा. बिनआट्याच्या नळीला वरच्या टोपीचा बोल्ट आधी, खेळ जाईल आणि हँडल मोकळं फिरेल इतकाच. मग स्टेमचे, म्हणजे हँडल नळीला धरणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे बोल्ट, ५ ते ६ न्यूटन-मीटर. स्टेम आधी आवळला तर टोपी कितीही दाबा, खेळ निघत नाही. नळी स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा तीन मिमी खाली कापलेली असावी, नाहीतर टोपी नळीवरच टेकते.

काळी सायकल घेऊन आलेल्यांना तुम्ही शॉकअप विकत नाही, याबद्दल वेगळे आभार. तिचं २८ बाय १ १/२ चं चाक ६३५ मिमी रिमचं, ब्रेक दांड्यांचे, नळी एक इंची. तिला नीट जुळणारा शॉकअप आम्हीही कुठे पाहिलेला नाही. आणि २६ इंची सायकलवाल्यालाही तुम्ही विचारता, "आधी टायर बदलून पाहिलास का?" १.९५ चा टायर ३५ ते ४५ पीएसआय हवेवर चालवला की पेव्हर ब्लॉकची थरथर तिथेच बरीच जिरते. ज्याचं काम तेवढ्यावर होतं त्याच्याकडून तुम्ही फक्त टायरचे पैसे घेता.

आता ती चार मापं लिहिलेला कागद आमच्यातल्या प्रत्येकाच्या हत्यारांच्या पेटीत आहे, काका. मनापासून आभार.

तुमचे,
मोटरच्या सायकली बांधणारे आम्ही सगळे

ता. क. पावसाळ्यानंतर खालचे दोन बोल्ट काढून शॉकअप उघडायचा, जुनं ग्रीस पुसून नवीन भरायचं, हे आम्ही सगळ्यांना सांगतो आहोत. सीलवर स्प्रेचं पातळ तेल मारायचं नाही, ते आतलं ग्रीस धुऊन काढतं, हेही सांगतो. एवढंच कळवा: बुशला तुम्ही वापरता ते ग्रीस कुठलं, आणि ते छोट्या डबीत मिळतं का?