आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : शाळेच्या कपाटात अ‍ॅड्रेनालिन ठेवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

माझ्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. तीव्र अ‍ॅलर्जीत जीव वाचवणारं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन प्रत्येक शाळेत असावं, यासाठी हे पत्र. मराठी घरात शेंगदाणा टाळायचा म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपासाच्या खिचडीत कूट. आमच्या घरात आता कूट येतच नाही. सासूबाई कोशिंबिरीत ओलं खोबरं घालतात. पाकिटावरची अ‍ॅलर्जीची ओळ वाचल्याशिवाय पाकीट फोडत नाही. २०२० च्या लेबल नियमांनी शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, सोया, गहू यांची नोंद सक्तीची केली, त्याचा खरोखर आधार वाटतो. पण तीळ त्या यादीत नाही, आणि सुट्ट्या फरसाणावर कसली ओळ असणार?

घरचं घरच्यांनी सांभाळायचं, हे मान्यच आहे. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गादीत अ‍ॅलर्जी वाढवणारे धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. चादरी-अभ्रे कढत पाण्यात धुणं, झुरळं हटवणं आमच्या हातात आहे. मात्र गैरसमज दूर करायला सरकारच हवं. आईबापांना दमा किंवा इसब असेल तर मुलांना अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते, पण ती त्याच पदार्थाची असेल असं नाही. आईला कोळंबी सोसत नाही म्हणून लेकराला आयुष्यभर मासळीच द्यायची नाही, हा उपाय नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ नावाच्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ४ ते ११ महिन्यांच्या, जास्त धोका असलेल्या बाळांना शेंगदाणा नियमित दिला, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांच्यातली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, शेंगदाणा न दिलेल्या बाळांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसली. अर्थात अख्खा दाणा नव्हे, बाळाला गिळता येईल असा मऊ करून. आणि तीव्र इसब असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना दाखवून. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी एवढं सांगितलं तरी कितीतरी घरं सावध होतील.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता, चॉकलेट वाटलं गेलं. मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. बाईंनी अ‍ॅलर्जीचं सिरप पाजलं आणि मला फोन केला. त्यांच्याकडे दुसरं होतंच काय? रिक्षा एलबीएस मार्गावर अडकली, आणि माझ्या मांडीवर त्याची छाती घरघरत होती. दवाखान्यात मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा काही मिनिटांत तो बोलायला लागला.

श्वास अडला किंवा रक्तदाब घसरला तर सिरप पुरत नाही, अ‍ॅड्रेनालिनच लागतं आणि तेही लगेच. मग रुग्णालयात काही तास देखरेख. परदेशात अनेक ठिकाणी तीव्र अ‍ॅलर्जी असलेले लोक पेनसारखं तयार इंजेक्शन जवळ ठेवतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, मागवलं तर परवडत नाही. पण अ‍ॅड्रेनालिनचं साधं अ‍ॅम्प्यूल, म्हणजे काचेची छोटी कुपी, स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

म्हणून विनंती आहे. महापालिकेशी आणि शालेय शिक्षण विभागाशी बोलून प्रत्येक शाळेत अ‍ॅड्रेनालिन, सुई आणि वजनानुसार मात्रेचा तक्ता ठेवा. प्रत्येक ‘आपला दवाखाना’त ते कधीच संपलेलं नसावं. शाळेतल्या दोघांना तरी ते टोचायला शिकवा, आणि जीव वाचवायला इंजेक्शन दिलं म्हणून त्यांच्यावर बालंट येणार नाही, हे लेखी द्या. नाहीतर औषध कपाटातच राहील. प्रवेश अर्जात अ‍ॅलर्जीचा रकाना हवा आणि ती यादी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंपर्यंत पोहोचायला हवी.

शाळा जूनमध्ये सुरू होतात. परिपत्रक त्याआधी निघावं.

आपली नम्र,
भांडुपची एक आई