केळीची ‘केली’ झाली

महोदय,

इंटरनेटवर सरकारचा लगाम हवा की कंपन्यांना मोकळे सोडावे, यावरचा लेख आपल्या अंकात वाचला. मी चोपड्यात सेवा केंद्र चालवतो. काउंटरच्या या बाजूने चार ओळी लिहितो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शिवारातल्या केळी गटाला मी हौसेने ‘.भारत’ने संपणारे देवनागरी वेबपत्त्याचे नाव घेऊन दिले, देवनागरी ईमेलसकट. ‘.भारत’ 2014पासून मिळते. अध्यक्ष खूश, कारण पत्ता त्यांचा त्यांना वाचता येत होता. मग एका खरेदीदार कंपनीच्या नोंदणी अर्जात तो टाकला, तर खाली लाल अक्षरांत ‘अवैध’. तीनदा टाकला, तीनदा तेच. रांगेतले आजोबा म्हणाले, ‘काय व्हयनं भाऊ?’ काय सांगणार! हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, इंग्रजीतच टाका. पुढे एका सरकारी अर्जानेही तोच हिसका दाखवला. शेवटी जीमेल काढले. त्यात ळ कुठून आणायचा? केळीची ‘केली’ झाली.

दोष कुणाच्या माथी मारायचा? नाव सरकारने दिले. पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर येणाऱ्या देवनागरी नावांत कोणती अक्षरे चालतील हे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेसाठी, ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांचे काम पाहणाऱ्या नव-ब्राह्मी गटातल्या भाषेच्या आणि संगणकाच्या जाणकारांनी ठरवले. ळ त्यातही आहे. अडले ते अर्ज बनवणाऱ्याकडे. ही मंडळी एका सतरंजीवर बसल्याशिवाय हे सुटायचे नाही, आणि तिथे अर्ज भरणाराही हवा.

बाजार समितीत 18 संचालक असतात: 15 शेतकऱ्यांचे, 2 व्यापारी-अडत्यांचे, 1 हमाल-मापाड्यांचा. भांडणे रोजची, पण हमालाची खुर्ची कायद्याने पक्की. इंटरनेटच्या कारभारावर बोलणारा संयुक्त राष्ट्रांचा मेळावा, इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, 2006पासून भरतो, 2008मध्ये हैदराबादलाही भरला. सरकारे, कंपन्या, संस्था एका मांडवात येतात. पण बंधनकारक निर्णय होत नाहीत आणि विमानाचे तिकीट परवडेल तोच प्रत्यक्ष पोचतो. (आमच्या फैजपुरात 1936 साली अख्खे काँग्रेस अधिवेशन खेड्यात आले होते, ते आठवते.)

तरी बोलून काही होतच नाही, असेही नाही. 2015मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मते मागवली, लाखो ईमेल गेले आणि फेब्रुवारी 2016मध्ये मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी आली. माझ्या केंद्रातूनही सात-आठ पोरांनी ईमेल पाठवले होते. मसुदा मात्र इंग्रजी, दुसऱ्याने लिहून दिलेला; आपण कशाला होकार देतोय हे दोघांनाच सांगता आले असते.

म्हणून एक विनंती. ट्राय किंवा दिल्लीचे मंत्रालय हरकती-सूचना मागवते, तेव्हा शेवटची तारीख आणि पाच ओळींचा मराठी सारांश आपण बाजारभावाच्या पानावर छापाल का? ते पान आमच्याकडे पारावरही वाचले जाते.

— एक सेवा केंद्रचालक, चोपडा (जि. जळगाव)