मोडी शिकू पाहणाऱ्या मित्रास

पुणे

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. निवृत्तीनंतर मोडी शिकून घरच्या पेटीतले कागद स्वतः वाचायचे, हा तुझा बेत मला मनापासून पटला. मात्र नुसता मुळाक्षरांचा तक्ता घोकत बसू नकोस. तक्त्यातली अक्षरे सुटी आणि नेटकी असतात. दप्तरातला कारकून आधी पानभर आडव्या शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्यांखाली अक्षरांना अक्षरे जोडत जाई, त्यामुळे शब्द कोठे संपला हे तुलाच अर्थावरून ठरवावे लागेल. वेलांटी बहुधा दीर्घ आणि उकार बहुधा ह्रस्व, एवढाच काय तो नियम. तेव्हा 'दिन' की 'दीन' हेही संदर्भच सांगतो. (शुद्धलेखनाचा तुला शाळेपासूनचा कंटाळा, त्यामुळे निदान हे तरी आवडेल!)

सुरुवात इंग्रजी अमदानीतल्या एखाद्या खरेदीखतापासून कर. त्यातला मजकूर साचेबंद असतो. 'मौजे', 'लिहून दिले' अशी वळणे डोळ्यांत बसली की उरलेल्या अक्षरांचा माग लागतो. पेशवेकालीन पत्रे नंतर घे, कारण तेथे 'राजश्री'चे नुसते 'रा॥' होते आणि 'छ' लिहून पुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते, म्हणजे तारखा जुळवून देणारी जंत्री हाताशी हवीच.

हेमाडपंतांनी ही लिपी लंकेहून आणली, ही कथा ऐकून सोडून दे. छापखान्याने बाळबोध, म्हणजे देवनागरी, उचलली, तरी हाताने लिहिण्यात मोडी १९५० च्या सुमारापर्यंत टिकली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि आता हौशी लोक घरावरच्या पाट्या मोडीत करून घेतात. त्याला माझी ना नाही. पण पेशवे दप्तरापासून तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयापर्यंत कागदांचे जे रुमाल (कापडी गठ्ठे) बांधून पडले आहेत, ते पाट्यांनी सुटायचे नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड भासली हे आपण पाहिलेच. माझ्या मते लिपीचे पुनरुज्जीवन व्हायचे ते वाचणाऱ्यांमुळेच.

पेटीतल्या कागदांना चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. घड्या हलक्या हाताने उलगड, खिडकीपाशी छायाचित्रे काढ आणि पहिले पान मला धाड. तुझे वाचन सोबत लिहून पाठव, म्हणजे अडलेली अक्षरे आपण फोनवर सोडवू.

तुझा,
अनंत