स्टेपलरवाल्या काकूंना

प्रिय काकू,

बार्सिलोनाच्या क्रूझ टर्मिनलबाहेर तुम्ही पर्समधून स्टेपलर काढून जिच्या बॅगांना कागदी टॅग लावून दिलेत, ती मी. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र.

हमालाने आमची मोठी बॅग उचललीच होती. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "पासपोर्ट हातात आहेत ना गं?" नव्हते! ला रांबला या गजबजलेल्या रस्त्यावर पाकीटमार फार, असं ऐकून आईने दोघींचे पासपोर्ट आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या त्याच बॅगेच्या तळाशी, साड्यांच्या घडीत ठेवल्या होत्या. वर कुलूप. एकदा दिलेली बॅग संध्याकाळी थेट केबिनच्या दाराशीच भेटते आणि पासपोर्ट तर चेक-इनलाच लागतो, हे आम्हाला कुठे ठाऊक! मग भर फुटपाथवर बॅग उघडली, साड्या बाहेर आल्या, आणि तुम्ही छत्री उघडून आडोसा धरलात. त्याचे आभार वेगळे.

हातात जेमतेम चार तास. मला सग्रादा फमिलिया, ते शहरातलं प्रसिद्ध चर्च, गाठायचंच होतं. "तिकीट काढलंय? वेळ ठरलेली असते त्याची," तुम्ही म्हणालात. नव्हतं काढलं. "मग राहू दे. सांता मारिया देल मार बघ, बंदरापासून जवळ आहे. आणि परतताना जरा लवकर नीघ. बंदराच्या वाटेवरचा पूल जहाजासाठी वर उचलला गेला की बस जागच्या जागी." खरं सांगते, मनातून चिडले होते. १८८२ पासून ज्याचं बांधकाम चालू आहे ते सोडून भलतंच चर्च?

काकू, ते दार! १३२९ ते १३८३, चौपन्न वर्षांत ते चर्च उभं राहिलं, आणि मोंजुइक टेकडीच्या खाणीतला दगड वाहून आणला तो बंदरातल्या हमालांनी, पाठीवरून. मोठ्या दारावर त्यांच्या ब्राँझच्या छोट्या आकृत्या आहेत, ओझ्याखाली पार वाकलेल्या. आईने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक दाराला टेकेल इतकी जवळ गेली. "सकाळी आपली बॅग उचलली ना, तोच गं हा," म्हणाली. आतली बरीचशी सजावट १९३६ च्या आगीत गेली, ती आग अकरा दिवस धुमसत होती म्हणे. आता नुसते उंच, सडसडीत खांब आणि उजेड. आई अर्धा तास बाकावरून हलली नाही. मीही घाई केली नाही, आणि हे माझ्यासाठी नवलच.

परतताना पूल खरंच वर गेलेला! वीस मिनिटं बसमध्ये मी घड्याळ बघत होते, आई जहाज. तरी चेक-इन बंद व्हायला पाऊण तास बाकी होता.

जहाजावर रोज नाश्त्याला तुम्हाला शोधलं, दिसला नाहीत. घरी येऊन बॅग उपसली तर साड्यांमधून तुमचा स्टेपलर निघाला. त्या गडबडीत आम्हीच कोंबला असणार. आई म्हणते, पिना भरून ठेव, काकू भेटल्या तर रिकामा नको द्यायला.

तुमची,
कुलूपवाल्या बॅगेची मुलगी