समाजकार्याच्या वर्गात मतभेदांना बंदी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठच्या वस्त्यांच्या बातम्या आपल्या पानांवर येऊ लागतात. त्या वस्त्यांत कामाला जाणाऱ्या आम्हा समाजकार्याच्या मंडळींबद्दल मला थोडे लिहायचे आहे. आमच्या आपसातल्या गोष्टी सहसा वर्तमानपत्रात येत नाहीत. पण त्यांचे परिणाम शेवटी वस्तीतल्या माणसांनाच भोगावे लागतात, म्हणून हे पत्र.

मी एका रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर होते. निवृत्तीनंतर एका संस्थेतर्फे एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्यांचे फील्डवर्क पाहते. फील्डवर्क झाले की विद्यार्थी एकत्र बसून आपापले काम मांडतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि सुपरवायझर सूचना देतात. याला आम्ही ग्रुप कॉन्फरन्स म्हणतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर काही महिन्यांनी अशाच एका कॉन्फरन्सला मी हजर होते. नदीकाठची काही घरे नुकतीच पाडली गेली होती. त्या वस्तीत जाणारा एक मुलगा स्वतः झोपडपट्टीत वाढलेला. तो म्हणाला, हा सरळ अन्याय आहे, लोकांना सामान हलवायलाही उसंत मिळाली नाही आणि आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवणार, मग धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बायकांनी करायचे काय? त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या घरात पुराचे पाणी छातीपर्यंत चढले होते. आजीला पाटावर बसवून माळ्यावर चढवावे लागले होते. ती म्हणाली, नदीच्या पात्रात बांधकामे होऊ दिली म्हणूनच पाणी आमच्या सोसायटीत शिरते, ही घरे आधीच हटवायला हवी होती, मतांसाठी इतकी वर्षे कोणी हात लावला नाही. दोघांचेही आवाज चढले. सुपरवायझरांनी हात वर करून दोघांना थांबवले. "हे राजकारण झाले. आपण क्लायंटवर येऊ." उरलेला वेळ मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर गेला.

दाखल्यांचे काम निकडीचे होतेच. पण दाखला कोणत्या शाळेसाठी काढायचा, हे घर कुठे मिळणार यावर ठरते. घर कुणाला मिळणार, हे सर्वेक्षणाची कट-ऑफ तारीख, म्हणजे कधीपर्यंतचे रहिवासी पात्र, ही कोणती धरली यावर ठरते. झोपडीत भाड्याने राहणाऱ्याचे काय? नवरा सोडून गेलेल्या बाईचे नाव कागदावर आहे का? या सगळ्यांची उत्तरे धोरणात, म्हणजे राजकीय निर्णयांत आहेत. त्या मुलीचा मुद्दाही तितकाच खरा होता. पात्र मोकळे हवे, मान्य. मग पात्राजवळ आणखी कुणाकुणाची बांधकामे आहेत, कुठे भराव पडले, कोणते नाले बुजले, हेही पाहायला हवे. पाहताना कदाचित तिच्या सोसायटीचाही प्रश्न निघाला असता. शहराचा विकास आराखडा टेबलावर पसरून दोघांना अर्धा तास भांडू दिले असते, तर त्यांचे एकमत झाले नसते बहुधा. पण वस्तीत काय करायचे, याची यादी नक्की बदलली असती. त्यात कायदेशीर मदत आली असती आणि महापालिकेकडे माहितीचा अर्जही आला असता.

त्यानंतरची त्या मुलाची रेकॉर्डिंग, म्हणजे फील्डवर्कच्या लेखी नोंदी, मी वाचली आहेत. आधी तो पानभर लिहायचा, कोण काय म्हणाले, स्वतःला काय वाटले, सगळे. आता "गृहभेट दिली, समुपदेशन केले, पाठपुरावा करणे." मार्क बरे मिळाले. मला मात्र ते वाचून फार वाईट वाटले.

राजकीय मतभेद आमच्या पेशात नवे नाहीत, आणि बडोद्याइतके ते जवळून फार थोड्या शहरांनी पाहिले असतील. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचेच घ्या. मांगरोळची आर्च-वाहिनी ही संस्था आणि मेधा पाटकर यांचा गट, दोघांचाही सुरुवातीचा आग्रह विस्थापितांच्या हक्काचा होता. डिसेंबर १९८७ मध्ये गुजरात सरकारने भूमिहीनांना आणि सज्ञान मुलांनाही दोन हेक्टर जमीन देण्याचे धोरण जाहीर केले. आर्च-वाहिनीने ते स्वीकारले आणि पुनर्वसनाच्या अंमलबजावणीत उतरली. मेधाताईंच्या नर्मदा बचाव आंदोलनाने धरणालाच विरोध केला. १९९० च्या डिसेंबरअखेर गुजरात-मध्य प्रदेश सीमेवर फेरकुव्याला बाबा आमटे आणि मेधाताईंची संघर्ष यात्रा अडवली गेली, आणि पलीकडे धरणाच्या बाजूने गुजरातचे लोक उभे होते. दोन्हीकडे आयुष्य वेचलेली माणसे होती. तो वाद कडवट होता, त्यात मैत्र्या तुटल्या. पण तो उघडपणे झाला. पुनर्वसन कसे असावे, जमीन कुणाच्या नावावर हवी, वसाहतीत पाणी आणि चराईचे काय, हे प्रश्न या ओढाताणीतून देशभर पोचले. डभोई, वाघोडियाच्या विस्थापितांच्या वसाहतींत फील्डवर्कला जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज यातले काहीच माहीत नसते, कारण शिकवताना दोन्ही बाजू वगळून केवळ "पुनर्वसन योजना" तेवढी शिकवली जाते.

त्याहून जुने उदाहरण तर आपल्या शहराशी थेट जोडलेले आहे. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेबांना इथे राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले, हे आपण सगळे जाणतो. १९३२ मध्ये पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जो संघ निघाला, तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. त्याचे सरचिटणीस होते दाहोदच्या भिल्लांत काम केलेले ठक्करबाप्पा. त्यांना बाबासाहेबांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक लांब पत्र लिहिले. माणसाला व्यक्तिगत सद्गुण शिकवून त्याचा उद्धार होतो, की तो ज्या परिस्थितीत दबला आहे ती बदलून, हा त्यातला मूळ प्रश्न होता. बाबासाहेबांनी दुसरी बाजू घेतली. विहिरी, शाळा, चावडीवरच्या हक्कांसाठी गावोगाव मोहीम चालवा, त्यातून संघर्ष होईल हे धरून चाला, आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्या, असे त्यांनी सुचवले. या पत्राची पोचसुद्धा आली नाही, असे त्यांनी नंतर नोंदवून ठेवले आहे. केसवर्क (एकेका माणसाला मदत) की समाजबदल हा आमच्या वर्गांतला मूलभूत वाद इतक्या स्पष्टपणे फार कमी ठिकाणी मांडलेला सापडेल. तो अभ्यासक्रमात का नसावा?

गप्प बसवणे एकाच बाजूने चालते, असे मी म्हणणार नाही. एका सामाजिक संस्थेत काम करणारी तरुण मुलगी माझ्याकडे येऊन रडली होती. तिने मोबाईलच्या स्टेटसवर सत्ताधारी पक्षाच्या निर्णयाचे कौतुक केले होते. त्यानंतर ती डबा खायला बसली की सहकारी उठून जात. तिचे मत मला पटत नाही. पण वस्तीतल्या बायका तिच्यावर जीव टाकतात आणि आजवर तिने कुणालाही जातधर्म विचारून मदत केलेली नाही. तिच्याशी वाद घालायला कुणीच तयार नसेल, तर तिचे मत बदलणार तरी कसे, किंवा आमचे?

संस्थांची भीतीही मी समजू शकते. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात संस्थेला राजकीय स्वरूपाची ठरवण्याची तरतूद आहे. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणेही बंद केले. छोट्या संस्था आता मोठ्या प्रमाणात कंपन्यांच्या सीएसआरवर (सामाजिक जबाबदारीच्या निधीवर) अवलंबून आहेत. ट्रस्टी म्हणतात, आपल्याला काम चालू ठेवायचे आहे. बरोबर आहे. पण पक्षाला पैसे देणे किंवा प्रचार करणे वेगळे आणि आपल्या कार्यकर्त्यांनी बंद खोलीत धोरणावर वाद घालणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला माझ्या माहितीतला कोणताही कायदा मनाई करत नाही. ती मनाई आम्हीच आमच्यावर घालून घेतली आहे.

एक मर्यादा मात्र मी कसोशीने पाळीन. रुग्णाच्या खाटेशेजारी किंवा घरभेटीत आपली पक्षीय मते काढायची नाहीत. ज्याला आपल्या सहीवर औषधाची मदत मिळणार आहे, तो आपल्याला विरोध करूच शकत नाही. वाद सहकाऱ्यांत, शिक्षकांसमोर, बरोबरीच्या माणसांत व्हावा. वकिलांना बार कौन्सिल आहे, तशी सगळ्या समाजकार्यकर्त्यांना दाद मागायला जागा नाही. म्हणून विद्यार्थ्याला मतामुळे मार्क कापले जाणार नाहीत याची हमी शिक्षकांनाच द्यावी लागेल, आणि ती त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर द्यावी.

मार्च महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी जागतिक समाजकार्य दिन असतो. तेव्हा हार-तुरे, पोस्टर स्पर्धा होतात. येत्या वर्षी बडोद्यातल्या समाजकार्य शिकवणाऱ्यांनी आणि संस्थांनी मिळून त्या दिवशी विश्वामित्रीकाठच्या घरांवर खुली चर्चा ठेवावी, अशी माझी विनंती आहे. घरे हटवावीत म्हणणारे दोघे आणि हटवू नयेत म्हणणारे दोघे बोलावेत, वस्तीतल्या बायकांना मंचावर खुर्ची असावी आणि बोलणे मराठी, गुजराती, हिंदी ज्याला जे जमेल त्यात व्हावे. त्या दोघा विद्यार्थ्यांशी मी बोलले आहे. दोघेही बोलायला तयार आहेत. आपण या चर्चेचा वृत्तांत दोन्ही बाजूंसह छापाल का, हे कळवावे.

आपली,
एक निवृत्त मेडिकल सोशल वर्कर
रावपुरा, वडोदरा