एसी घेण्याआधी भिंत मोजा हो

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात दर एप्रिलमध्ये एसी कसा घ्यावा यावर काहीतरी येतंच, किती टन घ्यावा, किती स्टारचा, इन्व्हर्टर का साधा, आणि आम्ही ते वाचतो पण, नणंद पुण्याहून मोबाइलवर पाठवते म्हणून. पण ते सगळं उन्हाळ्याचं. आम्ही राहतो ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, दौलतगंजच्या बाजूला. इथे मे-जूनमध्ये ४५ च्या वर पारा आणि जानेवारीत कोहरा (तुम्ही धुकं म्हणता) पडला की दोन-दोन दिवस ऊन नाही, पहाटे ३-४ डिग्री, बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. म्हणजे आम्हाला भिंतीवरच्या त्या एकाच डब्याकडून दोन्ही कामं पाहिजेत आणि त्याबद्दल मराठीत कोणी काही लिहीत नाही, म्हणून मीच लिहिते. मी काही इंजिनीअर नाही. दोनदा बसवून घेतलंय एवढंच, आणि दुसऱ्यांदा स्टुलाशेजारी उभी राहून प्रत्येक गोष्ट विचारली.

सुरुवात सिगडीपासून झाली. सासूबाई ७९ वर्षांच्या, गुडघे धरलेले, दोन रजया घेऊन पण पाय गरम होत नाहीत म्हणून रात्री खोलीत कोळशाची सिगडी ठेवायच्या, दार लावून. त्यांच्या लहानपणापासून तेच चालत आलेलं. एक दिवस सकाळी डोकं भयंकर दुखतंय, मळमळतंय म्हणाल्या, आम्हाला वाटलं पित्त. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की सिगडी असते का खोलीत. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो. त्या दिवशी सिगडी चौकात गेली ती गेलीच.

मग दोन हजार वॅटचा हीटर आणला. रात्री सहा तास चालवला की १२ युनिट, हिशेब सोपा आहे, आणि बिल आलं की आमचे हे ते बिल फ्रिजवर लावून ठेवायचे, सगळ्यांना दिसेल असं. तेव्हा कोणीतरी सांगितलं हॉट अँड कोल्ड एसी घ्या. म्हणजे हीट पंप. हीटर वीज जाळून उष्णता करतो, हा तसं करत नाही, बाहेरच्या थंड हवेत जी काय थोडी उष्णता असते ती गॅसमधून ओढून आत आणून टाकतो. उन्हाळ्यात आतली बाहेर नेतो, हिवाळ्यात बाहेरची आत, त्यात एक फोर वे व्हॉल्व्ह असतो तो गॅसची दिशा फिरवतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिटची उष्णता मिळते, फार थंडी असली की कमी. मात्र विकत घेताना विचारून घ्या की आत हीट पंप आहे का नुसती हीटरची कॉइल बसवलीये, कारण कॉइलवाला असेल तर बिल हीटरचंच येणार. आणि लेबलवरचे स्टार थंड करण्याचे असतात, गरम करण्याचे नाहीत, हे मला नंतर कळलं.

आता खोली. ८ बाय ११ फूट. वाडा जुना, दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे पडली त्यानंतर कधीतरी बांधलेला, भिंती दगड-चुन्याच्या, पावणेदोन फूट जाड. एका बाजूला खिडकी आणि त्याला लागून सागवानी कपाट, कपाटाच्या वर ८ फुटांवर दुछत्ती (तुम्ही पोटमाळा म्हणता), ती अर्ध्या खोलीवर पसरलेली. समोरच्या भिंतीत देवाचा कोनाडा. तिसरी भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक, तिथे खिळा ठोकला तरी काकू विचारायला येतात. चौथ्या भिंतीत दार.

दुकानात गेलो तर दुकानदाराने विचारलं कमरा कितना बड़ा है, सांगितलं, तर म्हणाला ग्वाल्हेरची गर्मी आहे भाभीजी, दीड टन घ्या, एक टनात पस्तावाल. घेतला. भिंत किती आहे, वर काय आहे, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, आमची पण अक्कल तेवढीच. दोन दिवसांनी बसवायला मुलगा आला, खोली बघितली आणि डोकं खाजवायला लागला. खोका उघडलेला, म्हणजे परत घेणार नाहीत. देवाच्या कोनाड्यावर लावू म्हणाला तर सासूबाईंनी नुसतं बघितलं त्याच्याकडे. मग राहिली एकच जागा, कपाट आणि दुछत्तीच्या मधली फट, जेमतेम दीड फूट. मशीन ३२ सेंटीमीटर उंच, ९८ लांब. तिथे त्याने ते कोंबलं, दुसरा शब्द नाही त्याला. दुछत्तीपासून खाली दोन इंच.

आता गंमत अशी आहे की भिंतीवरचा एसी हवा वरून ओढतो आणि खालून सोडतो. वर दोन इंच जागा म्हणजे नाक दाबून धावण्यासारखं झालं. आणि खालून सोडलेली गरम हवा कपाटाच्या माथ्यावर आपटून परत वर, मशीन तीच हवा पुन्हा ओढणार, त्याच्या सेन्सरला वाटणार वा, खोली मस्त गरम झाली, बंद. खाली पलंगावर सासूबाई रजईत कुडकुडताहेत आणि भिंतीवर हिरवा दिवा लागलाय २६ चा. आम्ही महिनाभर कंपनीला शिव्या दिल्या, चूक जागेची होती.

मे महिन्यात दुसरं निघालं. भोक पाडायला त्या मुलाने कोर कटिंगचं मशीन आणलं होतं, पण पावणेदोन फुटांच्या भिंतीत त्याचा बिट अर्ध्यातच संपला. मग उरलेलं छेणी-हातोड्याने फोडलं, चुना भसाभसा पडला, बाहेरच्या बाजूला मांजर जाईल एवढं भगदाड झालं आणि मुख्य म्हणजे भोकाचा उतार आतल्या बाजूला आला. तो थोडासा बाहेरच्या बाजूला पाहिजे. हिवाळ्यात कळलंच नाही कारण गरम करताना आतल्या युनिटमधून पाणी निघत नाही, पण मे महिन्यात कूलिंग लावलं आणि ड्रेनचं पाणी उलटं कपाटावर. कपाटावर ट्रंक, ट्रंकेत माझ्या सासऱ्यांचे फोटो. पुढचं लिहीत नाही.

बरं, आउटडोअर युनिट तीन फुटांच्या गल्लीत टांगलेलं, पंख्यासमोर शेजारच्यांची भिंत. उन्हाळ्यात त्याने फेकलेली गरम हवा समोर आपटून त्याच्याच अंगावर परत येणार. भर दुपारी ते धापा टाकल्यासारखा आवाज करायचं.

तर शेवटी ऑक्टोबरमध्ये सगळं उतरवलं. दीड टनाचं मशीन वरच्या मोठ्या खोलीसाठी धाकट्या दिरांनी अर्ध्या किमतीत घेतलं (त्यांच्याकडे ते उत्तम चालतं, म्हणून म्हणते मशीनला शिव्या देऊ नका). यावेळी मशीन घ्यायच्या आधी एक वयस्कर मेकॅनिक बोलावला, त्याला नुसतं बघायचे पैसे दिले. त्याने खिशातून टेप काढला आणि पंधरा मिनिटं कोणाशी बोलला नाही. मग म्हणाला दारावरची भिंत. तिथे दुछत्ती नाही, वर थेट १२ फुटांवर छत, चौकटीच्या वर भरपूर जागा, पण आडवी जागा दुछत्तीच्या तुळईपासून कोपऱ्यापर्यंत १ मीटर ६ सेंटीमीटर. एक टनाचं मशीन ८० सेंटीमीटर, म्हणजे दोन्हीकडे तेरा-तेरा राहतात. दीड टन तिथे बसतच नाही. किती टन हे भिंतीने ठरवलं, आणि एवढ्या खोलीला एक टन पुरून उरतो, मोठं मशीन लहान खोलीत सारखं चालू-बंद होत राहतं असं तो म्हणाला.

मापं लिहून देते, आमच्या मॅन्युअलात आहेत ती, प्रत्येक मॉडेलचं थोडं वेगळं असतं, आपापलं बघून घ्या. आतल्या युनिटच्या वर कमीत कमी १५ सेंटीमीटर मोकळं, दोन्ही बाजूंना १२, खाली आणि समोर काही आडवं नको, ना कपाट ना पडदा. जमिनीपासून सात फूट किंवा वर. भोक ६५ मिलिमीटरचं, बाहेरच्या बाजूला अर्धा सेंटीमीटर उतरतं, नंतर चारी बाजूंनी बुजवायचं, नाहीतर पाली येतात. आउटडोअरच्या मागे १५ सेंटीमीटर आणि पंख्यासमोर निदान दोन फूट, जास्त असेल तर फारच छान. तांब्याचा पाइप ३ मीटरपेक्षा कमी नको. मशीन आणि बाहेरचं युनिट पाठीला पाठ लावून असेल तर पाइप छोटा करायचा मोह होतो, करू नका.

चुन्याच्या भिंतीत स्क्रू धरत नाही हे पण तेव्हाच शिकलो. गिट्टी घालून स्क्रू पिळला की भिंत पिठासारखी गळते. मेकॅनिकने आधी लाकडाची फळी दगडात पक्की बसवली, आणि त्या फळीवर मशीनची प्लेट. लेव्हल लावून बघितली, पाण्याची ती बुडबुड्याची पट्टी असते ना, ती.

आणि व्हॅक्यूम, म्हणजे गॅस सोडायच्या आधी पाइपातली हवा पंपाने ओढून काढणं. यावर मला जरा जास्तच बोलायचंय. पहिल्या मुलाने पाइप जोडले, थोडा गॅस सोडून आतली हवा फुस्स करून बाहेर काढली, दोन मिनिटांत मशीन चालू. मला वाटलं काय हुशार आहे. दुसऱ्याने व्हॅक्यूम पंप लावला, अर्धा तास चालवला, मग बंद करून गेजकडे बघत बसला, काटा हलतोय का. चहा दिला तर चहा पीत पण काट्याकडेच बघत होता. पाइपात हवा आणि ओल राहिली तर ती कॉम्प्रेसरच्या तेलात जाते आणि मशीनचं आयुष्य कमी करते, आणि आजकालचा आर-३२ गॅस थोडासा का होईना पेट घेणारा आहे, तो खोलीत मोकळा सोडायचा नसतो, ते पण जिथे समई लागते अशा खोलीत. सांध्यांना नंतर भांड्याच्या साबणाचा फेस लावून बघितला, कुठे बुडबुडा नाही. या अर्ध्या तासाचे त्याने वेगळे पैसे घेतले आणि मी आनंदाने दिले. वायरिंग जुनं होतं, स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग करून घेतलं, ते सगळ्यांना माहीत असतं.

जानेवारीत पहिल्यांदा दाट कोहरा पडला त्या पहाटेची गोष्ट सांगते. पाच-साडेपाचला मशीन आपोआप थांबलं, गरम हवा बंद, आणि चौकातून शेजारच्या काकू ओरडल्या, अगं तुमचा एसी जळतोय, धूर निघतोय! धावत गेलो सगळे, यांच्या हातात पाण्याची बादली. आउटडोअरवर पांढरा बर्फ जमलेला आणि त्यातून वाफा. जळत बिळत काही नव्हतं. दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर दव गोठतं, मग मशीन थोडा वेळ स्वतःच उलटं चालून तो बर्फ वितळवतं, डीफ्रॉस्ट म्हणतात. पाच-दहा मिनिटांत परत गरम हवा सुरू झाली. हे जर दुकानदाराने एका वाक्यात सांगितलं असतं तर यांनी थंडीत अनवाणी धावायची गरज नव्हती. आणि वितळलेलं पाणी चौकातल्या फरशीवर पडतं, तिथे शेवाळ धरतं, म्हणून युनिटच्या खाली ट्रे आणि त्याला पाइप लावून मोरीत सोडलाय. हिवाळ्यात पाणी बाहेरच्या युनिटचं, उन्हाळ्यात आतल्याचं, दोन्हीची सोय लागते.

छत उंच असल्यामुळे गरम हवा वर जाऊन बसते. त्यावर उपाय म्हणजे झडप पूर्ण खाली, पंखा जरा जोरात, आणि आमच्या रिमोटमध्ये सेन्सर आहे, फॉलो मी का काय ते बटण दाबून रिमोट सासूबाईंच्या उशाशी ठेवतो, म्हणजे मशीन छताजवळचं न धरता पलंगाजवळचं तापमान धरतं. एका रात्री अकराला आणि पहाटे पाचला मीटरचं रीडिंग लिहून ठेवलं, फ्रिज धरून साडेचार युनिट. हीटरचे १२ आठवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुकानदारांनी बिल करायच्या आधी माणूस पाठवून भिंत मोजावी, हवं तर शे-दोनशे रुपये घ्या त्याचे, आणि कंपन्यांनी खोक्यावर जिथे एवढे मोठे स्टार छापतात तिथेच वर किती, बाजूला किती मोकळं सोडायचं ते पण छापावं. मॅन्युअल खोक्याच्या आत असतं. खोकं उघडल्याशिवाय वाचता येत नाही आणि उघडलं की परत घेत नाहीत, आता काय बोलायचं याला. मागच्या आठवड्यात भाचीसाठी त्याच दुकानात फोन केला होता, पहिला प्रश्न परत तोच, कमरा कितना बड़ा है.

पत्र लांबलंय हे मला कळतंय. पेपरात जागा कमी असेल तर सिगडी कापा, कोहरा कापा, काकू पण कापा, त्यांना चालेल, पण मापांचा परिच्छेद तेवढा ठेवा.

तुमची एक वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर